भुजंगरावाची तिसरी उडी

मी वीर्य बघते. म्हणजे नोकरीच ती आहे. सकाळी आठला मैसूरच्या बोगादीहून स्कूटर काढते, हिनकल ओलांडते, हुणसूर रस्त्याला आमच्या वळू केंद्राचं फाटक लागतं आणि साडेआठला माझा डोळा मायक्रोस्कोपला टेकलेला असतो. फलटणला सासूबाईंनी अख्ख्या भावकीला ‘आमची जानकी डेअरीत असते’ असं सांगून ठेवलंय. सोळा वर्षं झाली या गोष्टीला. एकदा एका चुलतसासूबाईंनी विचारलं, तूप स्वस्तात मिळत असेल ना गं? मी म्हटलं, आमच्याकडे जे मिळतं ते पोळीला लावत नाहीत. त्यानंतर सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगू का, तो महिना फार बरा गेला.

तर आमच्याकडे वळू असतात. त्यांचं वीर्य काढायचं, तपासायचं, बारीक कांड्यांत भरायचं, नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि गावोगाव पाठवायचं. भानगड अशी की वळू कामाचा आहे की नुसताच देखणा, हे कळायला तीन वर्षं त्याला पोसावं लागतं. म्हणून मी चार वर्षं खपून एक टेस्ट तयार केली. वासराच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा, डीएनएमधल्या अकरा जागा बघायच्या, त्यावरून सांगायचं की हा मोठा झाल्यावर याचे शुक्राणू सरळ पोहतील की जागच्या जागी गरगरतील. एकशे बारा वळूंवर ती लावून बघितली. एकशे अकरा वेळा बरोबर आली.

एकशे बारावा मधू.

मधू हा आमचा हळ्ळीकार जातीचा वळू. वय सहा वर्षं, शिंगं उंच, स्वभाव इतका गरीब की लस टोचतानासुद्धा आपणच त्याची माफी मागावी. माझ्या अकरा जागांपैकी नऊ जागी त्याच्यात खोट होती. कागदावर बघाल तर या बाबाचं काही खरं नव्हतं. पण त्याची गोठवलेली कांडी वितळवून मायक्रोस्कोपखाली धरली की शंभरातले साठ शुक्राणू सरळ रेषेत निघालेले. केंद्रातला दुसऱ्या नंबरचा वळू होता तो! त्याच्यापुढे फक्त भुजंगराव.

आमचे डायरेक्टर कृष्णमूर्ती शांतपणे म्हणाले, “जानकी मॅडम, गुरुवारी समिती बसणार. मधू खरा असेल तर तुमची टेस्ट खोटी, आम्ही प्रोजेक्ट बंद करतो. टेस्ट खरी असेल तर मधू लिलावात. दोघं एकदम खरे असू शकत नाहीत.”

म्हणजे माझी चार वर्षं एकीकडे आणि तो शहाणा बैल एकीकडे. मला त्याचा इतका राग आला की त्या दिवशी गोठ्यावरून जाताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मात्र मान लांब करून माझ्या पिशवीतली केळी शोधत होता.

आता फत्तेसिंगमामा. आमचे सगळ्यात जुने वळूरक्षक, दोन महिन्यांनी निवृत्त होणार. लष्कर मोहल्ल्यात त्यांची पाचवी पिढी. खापरपणजोबा घोड्यावर बसून मैसूरला आले असं ते सांगतात, आणि मी बैलापर्यंत पोचलो असंही तेच सांगतात. मराठी बोलतात, पण त्यांची ती मराठी: ‘मी केलो’, ‘मी बघितलो’, मधूनमधून कन्नडची फोडणी. मी आल्या आल्या त्यांना सुधारायला गेले होते. ते म्हणाले, “बाईसाहेब, आम्ही दोनशे वर्षं असंच बोललो की हो, तुम्ही काल आलात.”

काम मात्र त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही. अंगणात लोखंडी चौकटीत एक शांत बैल उभा करतात, त्याला आम्ही डमी म्हणतो. वळू त्याच्यावर उडी घेतो आणि त्या क्षणी मामा बाजूनं गरम पाण्याची रबरी पिशवी पुढे धरतात. वळूला जे वाटायचं ते वाटतं, आणि पिशवीच्या टोकाच्या काचेच्या नळीत आमचा माल येतो. पाणी बेचाळीस अंश लागतं. सगळे थर्मामीटर घालतात, मामा कोपर बुडवतात, आणि मी तपासलंय, कोपराचं चुकत नाही. मग कृष्णवेणी नावाची कंत्राटी बाई मामा सांगतील त्या वळूचं लेबल नळीला चिकटवते आणि वीतभर खिडकीतून नळी आत सरकवते. बाहेर काय चाललंय ते आम्हाला आतून दिसत नाही. बघायची कुणाला हौसही नसते.

मधूचं कोडं सुटेना, तेव्हा मला एक भन्नाट शंका आली. मधूच्या अंगात एखादं नवीनच जनुक असेल, सगळी खोट भरून काढणारं! मी घरी अमेयला सांगितलं, बघ, जगभर नाव होईल. नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, “कुणाचं, तुझं की बैलाचं?” अशा माणसाबरोबर मी संसार करते. पण शोधनिबंध लिहायचा तर पुरावा पूर्ण हवा, म्हणून मी गोदामातून मधूच्या तीन वर्षांतल्या चाळीस कांड्या काढल्या आणि त्यांचा डीएनए मधूच्या रक्ताशी ताडून बघितला.

एकही जुळेना. चाळीसच्या चाळीस कांड्या भुजंगरावाच्या निघाल्या.

मी खुर्चीवरून उठून चक्क नाचले. माझी टेस्ट खरी होती! एकशे बारापैकी एकशे बारा! नाचून झाल्यावर मी सहज मधूच्या कांड्या कुठकुठे गेल्या ते रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून एकेक गाव वाचत गेले. ज्या गावांतल्या गाई भुजंगरावाच्या पोरी होत्या, नेमक्या त्याच गावांत आम्ही आवर्जून मधू पाठवला होता. का, तर नातं नको म्हणून. म्हणजे एकाच घरात बाप आणि लेक, आणि मध्यस्थ आम्ही, सरकारी शिक्क्यासकट.

मामा मधूच्या गव्हाणीशी बसून त्याच्या कानातल्या गोचड्या काढत होते.

“मामा, मधूच्या नावावर भुजंगरावाचा माल किती वर्षं जातोय?”

त्यांनी हातातली गोचीड अंगठ्यानं चिरडली. “तुमचं मशीन सांगितलं काय?”

“मशीननंच सांगितलं.”

“लई हुशार आहे की हो.” मग म्हणाले, “पहिल्यापासून. भुजंगराव दोन उड्यांत हटत नाही. तिसरी मारतोच. रजिस्टरात दोनच लिहायच्या असतात. तिसरी वाया कशाला घालवायची? मी मधूच्या नावानं दिलो.”

“आणि मधूचं काय केलंत?”

“मोरीत ओतलो.”

“कृष्णवेणीला माहीत होतं?”

“तिला काय माहीत? मी सांगितलो ते लेबल ती लावली.”

“पण का, मामा?”

“सुम्मने.”

सुम्मने म्हणजे उगीच. इथल्या माणसाला काही सांगायचं नसलं की तो सुम्मने म्हणतो, आणि मग देव आला तरी त्याच्याकडून काही काढू शकत नाही. पण माझं डोकं फिरलं होतं.

“उगीच? अहो, गावोगाव लेकीला बाप दिलात तुम्ही! वासरं कशी निपजतील, जगतील का, काय सांगणार आहात लोकांना?”

मामांचा हात मधूच्या कानावरच थांबला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आडवंतिडवं हसणारा तो माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

“अय्यो,” ते म्हणाले. “ते मला सुचलं नाही, बाईसाहेब. आईच्यान सुचलं नाही.” मग म्हणाले, “मधूला काढणार?”

“काढणारच. आणि तुम्हालाही काढतील.”

“मला काढा. मला दोन महिने उरलेत. तो सहा वर्षांचा आहे.”

मला रडू यायला लागलं म्हणून मी आणखी चिडले, आणि तिथून निघाले ती थेट कृष्णमूर्तींच्या खोलीत गेले.

कृष्णमूर्तींनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “फत्तेसिंगरावांचं नाव घ्यायचं नाही. कायम नोकर, पस्तीस वर्षांची सेवा, चौकशी बसली की वर्तमानपत्रात येईल, केंद्राची अब्रू जाईल. लेबलची चूक झाली असं लिहा. लेबलं कोण लावतं?”

“कृष्णवेणी. पण सर, तिचा काय संबंध? तिला जे सांगितलं ते तिनं—”

“कंत्राटी आहे ना? कंत्राट पुढे चालवायचं नाही. संपलं.”

मी विषय सोडला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझी टेस्ट वाचली होती. समिती गुरुवारी ‘वा वा’ म्हणणार होती. मी मनाशी म्हटलं, कृष्णवेणीला दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देऊ. माणूस स्वतःला किती सराईतपणे फसवतो ते मी तेव्हा अनुभवलं, आणि तसाच अहवाल टाईप केला.

गुरुवारी अकराला समिती बसली. नऊ पुरुष आणि मी. दरवाजाजवळच्या बाकावर मामा, कारण वळूंबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला ते लागतात. मी पडद्यावर माझ्या अकरा जागा दाखवल्या, आकडे दाखवले, कांड्यांचा डीएनए दाखवला. मग तपासायला लागणाऱ्या गाईंची यादी दाखवली आणि खोलीत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी विचारलं, ही अदलाबदल झाली कशी?

“लेबलची चूक,” कृष्णमूर्ती म्हणाले. “संबंधित कामगार महिलेला बोलावलंय.”

कृष्णवेणी आत आली. हात ओले होते, नळ्या धुताधुता उठून आली असावी. कृष्णमूर्तींनी कन्नडात विचारलं, लेबलं तूच लावतेस ना? तिनं मान हलवली. मग चूक तुझीच ना?

तिनं एकदा मामांकडे बघितलं. तिचा नवरा तिला टाकून गेला तेव्हा मामांनीच तिला या कामावर लावलं होतं, हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. ती म्हणाली, “हौदु सर. नंदे तप्पु.” होय, माझीच चूक. इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जणू कुणी वेळ विचारली होती. नऊ माना डोलल्या. एकानं पुढची फाईल ओढली.

आणि मामा उठले.

ते कन्नडात बोलले, मी मराठीत सांगते. ते म्हणाले, “तिचं काही चुकलं नाही. मी केलं. तीन वर्षं मी भुजंगरावाची तिसरी उडी मधूच्या नावावर चढवली.”

कृष्णमूर्ती घाईघाईनं म्हणाले, “बसा, बसा, फत्तेसिंगराव, ते आपण नंतर बघू.”

“नंतर नको. एकदा नंतर म्हटलं होतं, तेव्हा एकोणतीस वर्षं गेली.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. “का केलंत असं?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुम्मने म्हणणार. पण तसं म्हणाले नाहीत.

“लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. मी आणि सीतालक्ष्मी दवाखान्यात गेलो. तिचं सगळं ठीक होतं. माझा रिपोर्ट आला. बाईसाहेबांनी मधूचा दाखवला ना आता, तसाच. त्याच्याहूनही वाईट, शून्य. घरी आलो तर आई दारातच उभी. तिनं विचारलं, कुणात खोट आहे? मी तोंड उघडायच्या आधी सीतालक्ष्मी म्हणाली, माझ्यात. म्हटलं, आज राहू दे, नंतर सांगू आईला खरं. आई पुढे अठरा वर्षं जगली. अठरा वर्षं तिला वांझ म्हणाली, बारशाला पाठवलं नाही, ओटीच्या ताटाला हात लावू दिला नाही. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचायचो.”

पुरुष मंडळींनी नजर कुठे ठेवावी ते त्यांना समजेना. रोज शंभर वळूंच्या वीर्यावर दाढ्या कुरवाळत चर्चा करणारे हे लोक, पण माणसाचं नाव निघताच एकजण खिडकीबाहेर बघायला लागला, एकानं रिकामा कप तोंडाला लावला. अध्यक्ष मोबाईल उलटासुलटा करत होते. हसावं का रडावं मला कळेना.

“मधू आला तेव्हा अडीच वर्षांचा,” मामा म्हणाले. “पहिल्याच दिवशी नळी उजेडात धरली आणि मला कळलं. पाण्यासारखं. लेबल चिकटवायचं तर हा गेला लिलावात. म्हटलं, माझ्यावर एकीनं पांघरूण घातलं, मी याच्यावर घालतो. पण आता ही पोरगी उभी राहून माझीच चूक म्हणते. परत तेच. मी परत पेपर वाचू काय?”

मग ते बसले. मी माझा टाईप केलेला अहवाल सगळ्यांसमोर उभा-आडवा फाडला. कृष्णमूर्तींनी माझ्याकडे असं बघितलं, की माझी बढती तिथेच गेली हे मी ओळखलं.

निर्णय व्हायला अर्धा तास लागला. मामांवर चौकशी बसली, ती बसणारच होती. मधूच्या नावाच्या सगळ्या कांड्या नष्ट करायच्या, यादीतल्या प्रत्येक गाईच्या घरी आमचा माणूस जाणार, आणि पहिला माणूस मीच. कृष्णवेणी कामावर राहणार. मधूचं काय, असं कुणीतरी विचारलं. तोवर गप्प बसलेले एक म्हातारे पशुवैद्य म्हणाले, अहो, इतकं गरीब जनावर आहे, डमी करा त्याला. चौकटीत उभा राहील. मंजूर झालं. म्हणजे आता भुजंगराव मधूच्याच पाठीवर तिन्ही उड्या मारणार. मधूची हरकत नसावी. त्याला केळी मिळाली की बास.

मामा सायकलचं कुलूप काढत होते. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत ते एकदाच बोलले. “बाईसाहेब, सगळ्यांना सांगितलो. हिलाच सांगितलो नाही अजून, की मी सांगितलो म्हणून.”

लष्कर मोहल्ल्यात टिनाच्या डब्यांना डाग देणाऱ्या दुकानाशेजारी त्यांचं घर. सीतालक्ष्मीबाई ओसरीवर ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक बाई, केस सगळे पांढरे. मला बघून उठायला लागल्या तर मामा म्हणाले, बस. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नळी, मधू, कृष्णवेणी, समिती. दवाखान्याचा रिपोर्ट.

बाई तांदूळच निवडत होत्या. एक खडा काढून बाजूला ठेवला.

“किती माणसं होती?” त्यांनी विचारलं.

“नऊ. आणि ह्या.”

“नवांना सांगितलात.” आणखी एक खडा. “आणि ज्यांना सांगायचं होतं, त्या गेल्या की हो. आता मी कुणाला ऐकवू?”



बाईंनी ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे चंदनाच्या हारातला सासूबाईंचा फोटो होता. चेहरा करारी, नथ मोठी.

“जा, त्यांना सांगा.”

“अगं, काहीतरीच काय,” मामा म्हणाले.

“जा म्हटलं ना.”

साठ वर्षांचा माणूस चपला काढून आत गेला. फोटोपुढे उभा राहिला, हात जोडले, घसा साफ केला. “आई,” ते पुटपुटले, “खोट माझ्यात होती. हिच्यात नव्हती.”

“त्यांना कमी ऐकू यायचं,” सीतालक्ष्मीबाई ओसरीवरून म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खणखणीत होता. “मोठ्यानं सांगा. शेजारी ऐकू गेलं पाहिजे.”